चुंबकीय वादळ आलं? आधी शर्टाचा खिसा तपासा

सूर्यावरून आलेल्या कणांच्या झोतानं पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र हेलकावतं, ते चुंबकीय वादळ. ‘आज सौर वादळ, हृदयरोग्यांनी जपावं’ असा मेसेज फिरला की गोव्यात पेडण्यापासून काणकोणापर्यंत घरोघरी बीपीची मशीनं कपाटातून बाहेर येतात. मोजायला हरकत नाही, पण नीट मोजा.

त्याआधी अर्धा तास चहा, कॉफी, विडी नको. लघवीला जाऊन या. पाठ टेकून, पावलं जमिनीला लावून ५ मिनिटं गप्प बसा. पट्टा उघड्या दंडावर, दंड छातीच्या उंचीला. मिनिटभराच्या अंतरानं दोनदा मोजून दोन्ही आकडे वहीत लिहा. मेसेज वाचून धास्तीनं घेतलेला पहिला आकडा बहुधा चढाच येतो आणि खापर सूर्यावर फुटतं. सरासरी १३५/८५ च्या वर राहू लागली तर वही डॉक्टरांना दाखवा. गोळी मनानं वाढवू नका.

उत्तरेकडच्या देशांतल्या काही अभ्यासांत वादळाच्या दिवसांत बीपी किंवा हार्ट अटॅक थोडे वाढलेले दिसले, पण कारण वादळच होतं हे सिद्ध झालेलं नाही. गोव्यात पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र सुमारे ४० मायक्रोटेस्ला (चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक). मे २०२४ च्या तीव्र वादळात विषुववृत्ताकडच्या पट्ट्यात ते साधारण ०.४ नं घटलं. पेसमेकर, म्हणजे हृदयाचे ठोके सांभाळायला छातीत बसवलेलं यंत्र, चुंबकाला दाद देतो तो साधारण १००० मायक्रोटेस्लाला. तिथवर काही मोबाइलच्या पाठीतलं चुंबक अगदी जवळ आलं की सहज पोचतं.

पावसाळ्यात स्कूटरवाले मोबाइल भिजू नये म्हणून रेनकोटच्या आत शर्टाच्या खिशात ठेवतात. डावीकडचा तो खिसा बहुधा पेसमेकरच्या जवळच येतो. मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत घालून पँटच्या खिशात ठेवा; अंतर निदान १५ सेंटिमीटर हवं. चुंबकाच्या बटणाचं कव्हर आणि खिशाला चिकटणारा बिल्ला यांनाही हेच लागू. चवथीला स्पीकरचा खोका छातीशी धरून उचलायचं काम दुसऱ्याला द्या. इंडक्शन शेगडीपासून ६० सेंटिमीटर दूर राहा.

चुंबक जवळ आलं की पेसमेकर सहसा ठरलेल्या गतीनंच ठोके देत राहतो. आयसीडीचं, म्हणजे ठोके धोकादायक बिघडले तर शॉक देणाऱ्या छातीतल्या यंत्राचं, प्रकरण जास्त गंभीर: चुंबक असेपर्यंत तो बहुधा शॉकच देत नाही, मग नेमकी गरज त्याच वेळी पडली तरी. चक्कर आली, ठोके विचित्र वाटले तर आधी त्या वस्तूपासून दूर व्हा, मग डॉक्टरांना फोन करा. छातीत दाब आणि दरदरून घाम असेल तर चुंबक शोधत बसू नका, १०८ लावा.