सोन्याच्या नाण्यावरचं साल पाहून भुलू नका: या चुका टाळा

१९४७ साल कोरलेलं सोन्याचं नाणं हातात आलं की आपण हळवे होतो. मीही झालो. नौपाड्यात एका ओळखीच्यांकडे मेक्सिकोचं ५० पेसोंचं नाणं पाहिलं आणि ‘स्वातंत्र्याच्या सालचं’ म्हणून सोन्याच्या भावावर घसघशीत रक्कम जादा मोजली.

सगळ्यांत महाग पडणारी चूक हीच. हे नाणं १९२१मध्ये मेक्सिकोच्या स्वातंत्र्याच्या शंभरीनिमित्त निघालं. पुढे १९४९पासून कित्येक वर्षं ते १९४७ हेच साल ठेवून पाडलं गेलं. ऑस्ट्रियाच्या १०० कोरोनाचंही तसंच. त्यावर १९१५ असतं. नाण्यावरचा सम्राट फ्रान्झ जोसेफ १९१६मध्ये वारला, तरी त्याच सालाची नाणी नंतर कित्येक दशकं निघत राहिली. अशा नाण्याला रिस्ट्राइक म्हणतात. त्याचे पैसे सोन्याचे द्यावेत, सालाचे नव्हेत.

पण रिस्ट्राइक म्हणजे नकली, असंही समजू नका. ते सरकारी टांकसाळीचंच असतं आणि त्यात ठरलेलं सोनं पूर्ण असतं. ५० पेसोंचं वजन ४१.६७ ग्रॅम, त्यात शुद्ध सोनं ३७.५ ग्रॅम. १०० कोरोना ३३.८८ ग्रॅमचं, त्यात शुद्ध ३०.४९. दोन्ही २१.६ कॅरेटची, म्हणून गोखले रोडवरच्या पेढीवर ‘बावीस भरत नाही’ असं कानावर आलं तर घाबरून पडेल भावात देऊ नका. घरी शंका फेडायची असेल तर नाणं दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवून तोला: १०० कोरोनाचं वजन साधारण दोन ग्रॅमनेच कमी भरायला हवं. चार ग्रॅमने घटलं तर ते सोनं नव्हे.

भिंग न लावता नाणं घेऊ नका. हंगेरीच्या राजाच्या राज्याभिषेकाला ४० वर्षं झाली म्हणून १९०७मध्ये निघालेल्या १०० कोरोनाच्या रिस्ट्राइकवर बारीक ‘यूपी’ ही रोमन अक्षरं असतात. आपल्या मुंबई टांकसाळीच्या १९१८च्या गिनीवर सालाच्या वर, चित्रातल्या जमिनीच्या रेघेत रोमन ‘आय’ ही टांकसाळीची खूण असते.

अस्सल जुनं नाणं रिठ्याच्या पाण्यात ब्रशने घासू नका, कडी झाळून गळ्यातही घालू नका. संग्राहकाच्या लेखी त्याची किंमत तिथेच पडते. रिस्ट्राइकचं तेवढं बिघडत नाही.

मुलाकडे परदेशी नेताना मात्र जपा. शंभर वर्षांपुढचं नाणं १९७२च्या पुरावस्तू कायद्यात येतं, ते खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. रिस्ट्राइकवरचं साल तेवढं जुनं दिसतं, म्हणून खरेदीच्या पावतीवर ‘रिस्ट्राइक’ हा शब्द आणि वजन आधीच लिहून घ्या.