ऑर्गनॉइडमध्ये विषाणू वाढत नाही असे म्हणण्याआधी : या चुका टाळा

डुकराच्या आतड्यापासून तयार केलेल्या ऑर्गनॉइडवर, म्हणजे मूलपेशींपासून वाढवलेल्या अवयवाच्या छोट्या प्रतिकृतीवर, पीईडी या डुकरांमधील साथीच्या अतिसाराचा विषाणू सोडला, दोन दिवस वाट पाहिली, विषाणूचे जनुकीय द्रव्य मोजणारी पीसीआर चाचणी केली आणि आकडा जागचा हलला नाही, अशी तक्रार या कामाला नव्याने लागलेल्या विद्यार्थ्यांकडून वारंवार ऐकू येते. विषाणूचा साठा निकामी झाला असावा किंवा ऑर्गनॉइड हे प्रारूपच या विषाणूसाठी उपयोगाचे नसावे, असा निष्कर्ष मग घाईने काढला जातो. माझा अनुभव असा आहे की बहुतेक वेळा विषाणू पेशीच्या योग्य बाजूपर्यंत पोहोचलेलाच नसतो, किंवा पोहोचला तरी त्याला हवी ती पेशी तेथे नसते.

नेदरलँड्समधील उट्रेख्त येथे हान्स क्लेव्हर्स यांच्या प्रयोगशाळेने २००९ मध्ये उंदराच्या आतड्यातील एकेका मूलपेशीपासून आतड्याच्या अस्तराची छोटी प्रतिकृती वाढवून दाखवली. तीच पद्धत पुढे डुक्कर, गाय, मेंढी आणि कोंबडीसाठी वापरात आली. पशुवैद्यकाला तिचे मोल वेगळे सांगायला नको. पीईडी १९७१ मध्ये इंग्लंडमध्ये प्रथम नोंदला गेला, २०१३ मध्ये तो अमेरिकेत पोहोचला आणि तेथे नवजात पिल्ले मोठ्या संख्येने दगावली. तरीही त्याच्या विषाणूचा बराचसा अभ्यास माकडाच्या मूत्रपिंडापासून आलेल्या व्हेरो पेशींवरच होत राहिला, आणि त्या पेशींमध्ये इंटरफेरॉन हे विषाणूविरुद्धचे संरक्षक प्रथिन तयार करण्याची क्षमताच नसते. डुकराच्या आतड्याचा रोग डुकराच्या आतड्याच्या पेशींत पाहता येणे ही त्यामुळे मोठी सोय आहे; मात्र ही सोय काही अटी घालते.

विषाणू चुकीच्या बाजूने सोडणे

सर्वांत जास्त वेळ वाया घालवणारी चूक हीच आहे. मॅट्रिजेल या जेलीसारख्या आधारद्रव्याच्या थेंबात वाढणारा आतड्याचा ऑर्गनॉइड हा बंद फुग्यासारखा असतो. आतड्यात अन्नाकडे तोंड करून असणारी पेशीची बाजू या फुग्याच्या आत, पोकळीकडे वळलेली असते आणि रक्ताकडची बाजू बाहेर असते. पीईडी, टीजीई (डुकरांचा आणखी एक संसर्गजन्य अतिसार) किंवा रोटाव्हायरस हे तोंडावाटे येणारे विषाणू पोकळीकडच्या बाजूने शिरतात. माध्यमात सोडलेला विषाणू या फुग्याच्या पाठीवर येऊन थांबतो, आणि त्याआधी त्याला मॅट्रिजेलचा थर ओलांडावा लागतो तो वेगळाच.

माझे स्वतःचे तीन आठवडे यात गेले आहेत. विषाणूचा नवा साठा वाढवला, मात्रा दहापट केली, तापमान तपासले. शेवटी एका सहकाऱ्याच्या सांगण्यावरून ॲक्टिन या पेशीच्या सांगाड्यातील प्रथिनाचे रंजन करून पाहिले, तेव्हा सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक ऑर्गनॉइडच्या आतल्या कडेला एक तेजस्वी हिरवी रेघ अखंड फिरलेली दिसली आणि बाहेरची कड जवळजवळ काळी होती. सूक्ष्म रोमांची दाट फळी, जेथे विषाणूचे ग्राही, म्हणजे तो पेशीला चिकटतो ती प्रथिने, असतात, ती सारी आत कोंडलेली होती. हे रंजन पहिल्याच दिवशी करता आले असते.

यावर तीन उपाय आहेत. ऑर्गनॉइड पिपेटने फोडून, तुकड्यांना तासभर विषाणूसोबत ठेवून पुन्हा मॅट्रिजेलमध्ये बसवणे हा सर्वांत सोपा मार्ग आहे. परंतु तुकड्यांच्या दोन्ही बाजू उघड्या पडत असल्यामुळे विषाणू कोणत्या बाजूने शिरला या प्रश्नाचे उत्तर त्यातून मिळत नाही. दुसरा मार्ग म्हणजे पेशी सुट्या करून सच्छिद्र पडद्यावर एकच सपाट थर वाढवणे. थर सांधला गेला आहे की नाही हे विद्युतरोध मोजून कळते आणि वरून व खालून स्वतंत्रपणे विषाणू देता येतो. तिसरा मार्ग म्हणजे ईडीटीए या रसायनाने मॅट्रिजेल काढून ऑर्गनॉइड तरंगते ठेवणे, म्हणजे दोन-तीन दिवसांत ते स्वतःच उलटतात आणि आतली बाजू बाहेर येते. मला सपाट थराचा मार्ग अधिक विश्वासार्ह वाटतो, कारण तरंगत्या ऑर्गनॉइडपैकी काही उलटतात, काही अर्धवट राहतात, आणि दर खेपेला रंजन करून त्यांचे प्रमाण मोजावेच लागते.

उलटवलेले ऑर्गनॉइड वापरणाऱ्यांनी एक गोष्ट विशेष सांभाळावी. ईडीटीए कॅल्शियम बांधून ठेवते, आणि रोटाव्हायरसचे बाहेरचे कवच कॅल्शियमवरच टिकून असते. ईडीटीए नीट धुतले नाही तर पेशींची दिशा योग्य, विषाणू जिवंत, तरीही संसर्ग शून्य, असा बुचकळ्यात टाकणारा निकाल येतो.

कोंबडीची गोष्ट मात्र वेगळी आहे. स्कॉटलंडमधील रॉझलिन संस्थेच्या चमूने २०२१ मध्ये दाखवल्याप्रमाणे कोंबडीच्या आतड्याचे ऑर्गनॉइड मॅट्रिजेलशिवाय, तरंगत वाढतात, त्यांची अन्नाकडची बाजू मुळातच बाहेर असते आणि त्यांच्या आत रोगप्रतिकारक पेशीही टिकून राहतात. डुकराची कार्यपद्धती कोंबडीला जशीच्या तशी लावू नये.

वाढीच्या माध्यमातच संसर्ग करणे

ऑर्गनॉइड जोमाने वाढावेत म्हणून माध्यमात डब्ल्यूएनटी, आर-स्पाँडिन आणि नॉगिन ही प्रथिने असतात. त्यांच्या प्रभावाखाली मूलपेशी विभाजित होत राहतात आणि गोल, पातळ भिंतीचे, पारदर्शक फुगे तयार होतात. ते दिसायला देखणे असले तरी त्यांत परिपक्व शोषक पेशी फार थोड्या असतात, आणि पीईडीच्या विषाणूचे मुख्य लक्ष्य नेमक्या त्याच पेशी आहेत. संसर्गाआधी दोन ते चार दिवस डब्ल्यूएनटी काढून घेतलेल्या माध्यमात ठेवले की भिंत जाड होते, आत मृत पेशींचा गडद गाभा साचतो आणि कडेला अंकुर दिसू लागतात. केवळ दिसण्यावर विसंबू नये. परिपक्व पेशींची खूण असलेल्या व्हिलिन आणि म्युसिन-२ या जनुकांची सक्रियता वाढली आणि मूलपेशींची खूण असलेल्या एलजीआर-५ची उतरली, हे पीसीआरने पाहून घ्यावे.

आतड्याचा कोणता भाग घेतला हेही कुपीवर लिहिलेले असावे, कारण ऑर्गनॉइड आपल्या मूळ जागेची ओळख अनेक पिढ्या जपतात. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पीईडीचा विषाणू लहान आतड्याच्या शेवटच्या भागापासून केलेल्या ऑर्गनॉइडमध्ये आद्यांत्र (लहान आतड्याचा पहिला भाग) आणि मोठ्या आतड्याच्या तुलनेत अधिक वाढला होता. नुसते ‘डुकराचे आतडे’ एवढीच नोंद असेल, तर दोन प्रयोगांतील फरक विषाणूमुळे की आतड्यामुळे, हे नंतर सांगता येत नाही.

सीरम आणि ट्रिप्सिन एकत्र वापरणे

रोटाव्हायरसला आणि पीईडीच्या बहुतेक वाणांना आपले पृष्ठभागावरचे प्रथिन ट्रिप्सिन या पाचक विकराने कापले जाण्याची गरज असते. ऑर्गनॉइडच्या माध्यमात मात्र पेशींपासून मिळवलेले संस्कारित द्रव मिसळलेले असते आणि त्यात बहुधा सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणारा द्रव, असते. सीरम ट्रिप्सिनला निष्प्रभ करते, शिवाय गुरांच्या सीरममध्ये रोटाव्हायरसविरुद्ध प्रतिपिंडेही असू शकतात. म्हणून विषाणू देण्याआधी सीरमविरहित माध्यमाने किमान तीनदा धुवावे. ट्रिप्सिन वाढवून ही अडचण सुटत नाही, कारण सपाट थर पडद्यावरून सुटून येतो आणि तो विषाणूचा परिणाम समजला जातो. ट्रिप्सिन दिलेला पण विषाणू न दिलेला प्लेटमधील एक कप्पा नेहमी ठेवावा.

साचलेल्या विषाणूला वाढ समजणे

आतापर्यंतच्या चुकांमुळे वाढ दिसत नाही; ही चूक मात्र नसलेली वाढ दाखवते आणि म्हणून अधिक धोकादायक आहे. मॅट्रिजेलमध्ये अडकलेला विषाणू पुढचे एक-दोन दिवस हळूहळू माध्यमात सुटत राहतो, आणि पीसीआर त्याला नव्या विषाणूपासून वेगळे ओळखत नाही. सीटी मूल्य (संकेत दिसेपर्यंत लागलेली पीसीआरची आवर्तने) ३.३ ने उतरले म्हणजे जनुकीय द्रव्य सुमारे दहापट झाले, हा हिशेब खरा असला तरी ते द्रव्य कोठून आले हे तो सांगत नाही. यासाठी धुतल्यानंतर लगेच घेतलेला शून्य तासाचा नमुना आणि अतिनील किरणांनी निष्क्रिय केलेल्या विषाणूचा समांतर कप्पा हवाच. जिवंत विषाणूचे प्रमाण अनुमापनाने, म्हणजे नमुना टप्प्याटप्प्याने पातळ करून ताज्या पेशींवर देऊन, मोजावे आणि पेशींच्या आत विषाणूचे प्रथिन रंजनाने दिसते का, तेही पाहावे.

मात्रेचा हिशेबही येथेच चुकतो. थेंबात किती पेशी आहेत हे मोजल्याशिवाय प्रतिपेशी एक विषाणू दिला असे लिहिण्याला अर्थ नसतो. त्यासाठी दोन-तीन कप्पे बळी देऊन पेशी सुट्या करून मोजाव्या लागतात.

न बोलावलेले विषाणू

गुरांच्या ऑर्गनॉइडवर काम करणाऱ्यांनी बीव्हीडी या गुरांच्या अतिसाराच्या विषाणूची तपासणी सुरुवातीलाच करावी. गर्भस्थ वासरांच्या सीरममध्ये तो आढळत आला आहे. त्याचे पेशी न मारणारे वाण वर्षानुवर्षे निमूट राहतात आणि पेशीचा इंटरफेरॉनचा प्रतिसाद दाबून टाकतात. अशा ऑर्गनॉइडवर अभ्यासलेला दुसऱ्या कोणत्याही विषाणूचा प्रतिकार मुळातच विकृत असतो. डुकरापासून मिळवलेल्या ट्रिप्सिनचीही तीच गोष्ट आहे. २०१० मध्ये माणसाच्या एका रोटाव्हायरस लशीत डुकराच्या सर्कोव्हायरसचे जनुकीय द्रव्य सापडले होते. कत्तलखान्यातून आणलेले आतडे दिसायला निरोगी असले तरी त्याचा तुकडा आधी पीसीआरला पाठवावा.

महाराष्ट्रात गाईंच्या कत्तलीवर आधीपासूनच आणि बैल व वळूंच्या कत्तलीवर २०१५ पासून बंदी असल्यामुळे येथे कत्तलखान्यातून मिळणारे मोठ्या जनावराचे आतडे म्हशीचे असते. गाईसाठी बनवलेली प्रतिपिंडे आणि प्रायमर (पीसीआरसाठी लागणारे डीएनएचे छोटे तुकडे) त्यावर चालतील असे गृहीत धरू नये, आणि लेखात ते गाईचे म्हणून तर मुळीच लिहू नये.

एका जनावराला तीन मोजणे

एका डुकराच्या ऑर्गनॉइडचे तीन कप्पे म्हणजे तीन डुकरे नव्हेत. ते एकाच प्राण्याचे तीनदा घेतलेले माप आहे. किमान तीन वेगवेगळ्या प्राण्यांपासून स्वतंत्र साठे करावेत, त्यांचे वय नोंदवावे आणि लवकरच्या पिढीतच ते गोठवावेत.

मुळात चुकीचा विषाणू निवडणे

पीआरआरएस (डुकरांचा प्रजनन व श्वसनाचा रोग) आणि आफ्रिकन स्वाइन फीवर यांचे विषाणू प्रामुख्याने मॅक्रोफेज या भक्षक पेशींमध्ये वाढतात. श्वासनलिकेच्या किंवा आतड्याच्या निव्वळ अस्तरपेशींच्या ऑर्गनॉइडमध्ये या पेशीच नसतात, त्यामुळे तेथे वाढ न दिसणे हे त्या विषाणूच्या स्वभावाला धरूनच आहे. पीआरआरएसमध्ये अस्तराची भूमिका पाहायची असेल, तर पडद्यावर वाढवलेल्या थराखाली मॅक्रोफेज ठेवावे लागतात, आणि ते त्याच प्राण्याचे असलेले बरे. म्हणून श्वासनलिकेचा तुकडा कापतो त्याच सकाळी, बर्फावर ठेवलेली त्या डुकराची फुप्फुसे खारट द्रावणाने धुऊन त्यातील मॅक्रोफेज द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवावेत, कारण दुपारपर्यंत ती फुप्फुसे कत्तलखान्यातून गेलेली असतात.