रात्रगस्त, बिबट्या आणि काठ्या घेतलेली गर्दी: या चुका टाळा

जुलै 2024 मध्ये छत्रपती संभाजीनगरच्या उल्कानगरीत भल्या पहाटे बिबट्या सीसीटीव्हीत दिसला. त्याच पावसाळ्यात बीड, जालना आणि संभाजीनगर जिल्ह्यांतली गावं आकाशातल्या ड्रोनकडे बघत रात्र-रात्र जागत होती. एकीकडे जनावराची भीती, दुसरीकडे चोराची. पण दोन्हीकडे जे बिघडतं ते एकाच जागी: हाक ऐकली की सगळे बाहेर येतात आणि कोणी काय करायचं हे कोणालाच ठाऊक नसतं. पहिल्या दहा मिनिटांत हीच गर्दी जास्त नुकसान करते. म्हणून कामं आधी वाटून ठेवायला हवीत.

गस्त चार दिवसांत का बंद पडते

चोरी झाली की पहिल्या रात्री गावातली चाळीस-पन्नास पोरं गस्तीला निघतात. चौथ्या रात्री सहा उरतात, आठव्या रात्री कोणीच नाही. पोरं आळशी नसतात. सकाळी मोंढ्यात किंवा एमआयडीसीत कामावर जायचं असताना रात्रभर जागरण कोणालाच झेपत नाही. सगळ्यांनी रोज जागण्यापेक्षा प्रत्येकाची पाळी आठवड्यातून एकदा येईल अशी यादी करा. एका पाळीला चार जण पुरतात. अकरा ते दोन आणि दोन ते पाच अशा दोन पाळ्या ठेवा. दुसऱ्या पाळीत तरणी माणसं घाला, कारण त्याच वेळी झोप सगळ्यात गाढ असते आणि चोराला ते चांगलं माहीत असतं.

चौघांनी एकत्र फिरू नये. दोघं फिरतील आणि दोघं पारावर किंवा गल्लीच्या तोंडाशी थांबतील. दर अर्ध्या तासाने जोडी बदला. फिरायचा रस्ता आणि वेळ रोज तीच ठेवू नका. दोन वाजून दहा मिनिटांनी गस्त मारुतीच्या देवळापाशी असते हे दोन दिवस बघितलं, की चोर तिसऱ्या दिवशी दुसऱ्या टोकाला काम उरकतो.

सामान थोडंच लागतं: प्रत्येकाकडे शिट्टी, दोघांत एक चांगली बॅटरी, चमकणारी पट्टी असलेलं जॅकेट आणि एक वही. जॅकेट टाळू नका. अंधारात काठी घेतलेला माणूस शेजारच्या गल्लीतल्या गस्तीलाही चोर वाटतो. शिट्टीची खूणही ठरवून ठेवा: एक लांब शिट्टी म्हणजे 'मी इथे आहे, ठीक आहे', तीन तुटक शिट्ट्या म्हणजे 'या'. खूण ठरलेली नसेल तर पहिल्याच शिट्टीला अर्धा गाव धावत येतो आणि चोर त्याच गर्दीतून चालत निघून जातो.

वहीत वेळ, जागा, गाडीचा नंबर आणि काय दिसलं एवढंच लिहा. 'संशयास्पद इसम' असं लिहिलं तर पोलिसांच्या हाती काहीच लागत नाही. '2.40, जुन्या विहिरीजवळ, काळी दुचाकी, लाइट बंद, दोघे, परळीकडे गेले' असं लिहिलं तर लागतं. गस्तीवाल्यांची नावं आणि पाळ्या ठाण्यात व बीट अंमलदाराकडे देऊन ठेवा, एक प्रत पोलीस पाटलांकडे. ही यादी दिली नाही, तर पोलिसांची गाडी आधी तुमच्याच पोरांना थांबवून विचारपूस करते.

माणूस पकडला, आता पुढे?

गस्तीतली सगळ्यात महागात पडणारी चूक इथे होते. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात आठवडी बाजाराच्या दिवशी, पोरं पळवणारे समजून जमावाने भिक्षेकरी समाजातल्या पाच जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत ठार मारलं. त्यांनी काहीही केलं नव्हतं. मराठवाड्यातही सुगी संपली की गोसावी, बहुरूपी, नंदीबैलवाले गावोगाव फिरतात. असे लोक मुक्कामाला आले तर पोलीस पाटलांनी किंवा कोतवालाने दिवसाउजेडी जाऊन नाव-गाव विचारून वहीत लिहून घ्यावं. दिवसा ओळख झालेला माणूस रात्री कोणाला चोर वाटत नाही.

कायदाही नीट समजून घ्या. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 40 प्रमाणे, तुमच्या डोळ्यांदेखत दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा) आणि अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्याला तुम्ही पकडू शकता, पण विनाकारण उशीर न करता आणि सहा तासांच्या आत त्याला पोलिसांच्या हवाली करावं लागतं. नुसता संशय आला म्हणून कोणाला पकडता येत नाही, बांधून मारहाण करायची तर मुभा कधीच नाही. पकडल्यावर बसवा, पाणी द्या, 112 ला फोन करा. दोन जाणत्या माणसांचं काम एवढंच ठेवा की गर्दी दहा फूट लांब राहील. पहिली चापट बसली की पुढच्या थांबवता येत नाहीत, म्हणून पहिलीच अडवायची. शूटिंग करणारा एकच ठेवा, आणि ते शूटिंग पोलिसांना द्यायचं, ग्रुपवर टाकायचं नाही.

मेसेजमध्ये काय चुकतं

'सावधान!!! आपल्या भागात चोर शिरले आहेत' या मेसेजात गाव, तारीख, वेळ काहीच नाही. तो लातूरहून निघून नांदेडला पोचतो आणि तिथे नव्याने खरा ठरतो. आपल्या ग्रुपचा नियम साधा ठेवा: जागा, वेळ आणि स्वतः पाहिलेल्या माणसाचं नाव नसेल तर मेसेज पुढे जाणार नाही. बिबट्याच्या फोटोबाबत तर जास्तच जपा, आता कॉम्प्युटरवर बनवलेले बिबटेही ओसरीत बसलेले दिसतात. फोटो पाठवणाऱ्याला फोन करून 'त्याच जागेचा आत्ताचा दुसरा फोटो काढ' म्हणा. नाही काढता आला, तर विषय तिथेच थांबवा.

ज्या गावांत ग्राम सुरक्षा यंत्रणा आहे तिथे 18002703600 वर फोन केला की तुमच्याच आवाजातला निरोप परिसरातल्या नोंदणी केलेल्या सगळ्या मोबाइलवर फोन म्हणून जातो. इथे होणारी चूक म्हणजे घाबरून नुसतं 'या, या, लवकर या' ओरडणं. आधी नाव, मग गाव, मग नेमकी जागा, मग काय झालं, या क्रमाने सावकाश बोला. आणि यंत्रणा वाजली तरी 112 ला वेगळा फोन कराच.

बिबट्या: आधी खात्री, मग दारं

पहिली चूक ओळखण्यात होते. 'बिबट्या दिसला' म्हणून येणाऱ्या निरोपात तरस, लांडगा, रानमांजर, कधी मोठं कुत्रंही निघतं. तरसाची पाठ मागे उतरती असते आणि अंगावर पट्टे असतात. बिबट्याची शेपटी जवळजवळ अंगाइतकी लांब, टोकाला वर वळलेली. ठसा सापडला तर नखं बघा. कुत्रा, लांडगा, तरस यांच्या ठशात बोटांपुढे नखांच्या खुणा उमटतात. बिबट्या चालताना नखं आत ओढून ठेवतो, म्हणून त्याच्या उमटत नाहीत. तळव्याच्या मागच्या कडेला तीन गोलाकार उंचवटे दिसले तर तो मांजरकुळातला. ठशाशेजारी दहा रुपयांचं नाणं ठेवून सरळ वरून फोटो काढा. नाणं 27 मिलिमीटरचं असतं, त्यामुळे वन विभागाला माप लगेच कळतं. मग त्या ठशावर घमेलं पालथं घाला आणि वर दगड ठेवा. हे कोणी करत नाही. वनरक्षक येईपर्यंत बघ्यांच्या चपलांनी ठसा बुजलेला असतो आणि मग पंधरा दिवस 'होता की नव्हता' एवढाच वाद चालतो.

खात्री झाली की 1926 या वन विभागाच्या क्रमांकावर कळवा. बिबट्या घरात, गोठ्यात किंवा इमारतीत शिरला असेल तर बाहेरून दार ओढून कडी लावा आणि सगळे लांब जा. तुमच्या हातातलं काम इतकंच. लोक नेमकं उलटं करतात: गच्चीवर चढतात, फटाके फोडतात, दगड मारतात. बेशुद्धीचं इंजेक्शन बसल्यावर जनावर आडवं व्हायला साधारण दहा-पंधरा मिनिटं लागतात, आणि ते जेवढं बिथरलेलं तेवढा औषधाचा अंमल उशिरा चढतो. त्या मिनिटांत गर्दीने कोंडलेला बिबट्या निसटायला वाट शोधतो आणि त्या वाटेत येणाऱ्यावर झेपावतो. 2019 च्या डिसेंबरात संभाजीनगरच्या सिडको एन-1 मध्ये बिबट्या शिरला होता, तोही बेशुद्ध करूनच पकडावा लागला. अशा वेळी वन विभागाला लागते ती मोकळी जागा, आणि ती करून देणं वस्तीच्याच हातात असतं. गल्लीच्या दोन्ही टोकांना चार-चार माणसं उभी करा आणि आत कोणाला सोडू नका.

मोकळ्यावर समोरासमोर आलात तर पळू नका, वाकू नका, खाली बसू नका. हात वर करून उंच दिसा, मोठ्याने बोला, तोंड त्याच्याकडेच ठेवून मागे सरका. पहाटे बाहेर बसणारा माणूस, वाकून गवत कापणारी बाई, अंगणात खेळणारं पोर हे त्याला भक्ष्याच्या उंचीचे दिसतात. 2020 च्या नोव्हेंबरात आष्टी तालुक्यात बिबट्याने माणसं मारली तेव्हा शेतात एकट्याने वावरणं किती धोक्याचं असतं ते सगळ्यांनी पाहिलं. दिवस मावळल्यावर शेतात दोघांनी जा, मोबाइलवर गाणं किंवा रेडिओ चालू ठेवा.

बिबट्या वस्तीकडे येतो तो कुत्री, डुकरं आणि शेळ्यांसाठी. कॉलनीच्या कडेचा उकिरडा, मटणाच्या दुकानामागचा कचरा, हॉटेलचं उरलेलं जेवण यांवर कुत्री पोसली जातात आणि त्यांच्या मागे तो येतो. पिंजरा मागायच्या आधी हा उकिरडा उचला, नाहीतर एक बिबट्या नेला तरी रिकामी जागा दुसरा घेतो. शेळ्यांचा गोठा वरूनही बंद हवा. नुसती सहा फुटांची भिंत तो सहज चढतो.

ऊस तोडताना पिल्लं दिसली तर उचलू नका, फोटोसाठी हातात घेऊ नका. त्या फडाची तोड थांबवा, वन विभागाला कळवा आणि पिल्लं तिथेच राहू द्या. आई बहुतेक वेळा रात्री येऊन त्यांना घेऊन जाते.

वानरं

2021 च्या डिसेंबरात माजलगाव तालुक्यातल्या लवूळमधल्या वानरांच्या बातम्या जगभर गेल्या. वानरं कुत्र्याची पिल्लं उचलून झाडांवर, घरांवर नेत होती. अशा वेळी लोक वर चढून पिल्लू सोडवायला जातात आणि पडून जखमी होतात. चढू नका. वानरांना शेंगा, पोळ्या देणं तर आधी बंद करा. हातातलं खायची सवय लागलेलं वानर हात रिकामा दिसला की चावतं. वानर किंवा कुत्रं चावलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून 15 मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट काही लावू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस सुरू करा आणि पुढचे डोस चुकवू नका.

साप घरात

घोणस शिटी वाजावी तसा फुत्कार टाकते, ती निदान सावध तरी करते. घात करते ती मण्यार. रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला ती चावते, दुखत नाही, खूणही धड दिसत नाही. पहाटे पोट दुखतं, पापण्या जड होतात, बोलताना जीभ वळत नाही. घरचे 'पित्त झालं' म्हणून थांबतात आणि तिथेच वेळ जातो. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे अशी लक्षणं सांगत असेल तर सर्पदंशच समजून निघा. खाटेवर झोपणं आणि मच्छरदाणी गादीखाली चारी बाजूंनी खोचणं, यापेक्षा चांगला बचाव नाही.

चावल्यावर करकचून बांधू नका, कापू नका, चोखू नका. हात किंवा पाय लाकडी पट्टीला सैल बांधून हलू देऊ नका आणि 108 बोलवा. साप मारून सोबत न्यायची गरज नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर एकच लस चालते. साप नुसता दिसला असेल तर आठ-दहा फुटांवरून एकाने नजर ठेवावी आणि वन विभागात नोंद असलेला सर्पमित्र बोलवावा. रॉकेल, फिनेल टाकून साप जात नाही, तो कपाटामागे दडतो आणि मग सापडत नाही.

रानडुकरांची तार

वीज थेट तारेत सोडणं हा गुन्हा आहे, आणि त्या तारेवर पहिला बळी बहुतेक वेळा शेजारच्या बांधावरून चालत येणाऱ्या माणसाचा जातो. झटका मशीन वेगळं असतं: ते सेकंदा-दीड सेकंदाला एकदा, अगदी क्षणभर झटका देतं. मशीन घेऊनही डुकरं येत असतील तर दोन गोष्टी तपासा. तारेला गवत टेकलं की करंट जमिनीत उतरतो, म्हणून तारेखालची दीड फूट पट्टी साफ ठेवा. दुसरी अर्थिंग. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि अर्थिंगचा रॉड कोरडा पडतो. रॉडभोवती मीठ आणि कोळसा भरून दर आठवड्याला दोन बादल्या पाणी ओता.

कॅमेरा आणि पंचनामा

चोरी झाल्यावर कळतं की सीसीटीव्हीचं घड्याळ तीन तास मागे आहे. डीव्हीआरमधला (कॅमेऱ्याचं चित्रण साठवणाऱ्या यंत्रातला) बटण सेल संपला की लाइट गेल्यावर वेळ बिघडते. महिन्यातून एकदा पडद्यावरची वेळ मोबाइलशी जुळवा आणि रात्रीचं चित्र बघा, कॅमेऱ्यापुढच्या कोळ्याच्या जाळ्यामुळे ते अनेकदा पांढरं झालेलं असतं. घटना घडली की ते फुटेज त्याच दिवशी पेनड्राइव्हवर काढा. डिस्क भरली की जुनं आपोआप पुसलं जातं.

शेळी किंवा वासरू बिबट्याने मारलं असेल तर मेलेलं जनावर हलवू नका, पुरू नका. वन विभागाला लगेच, उशिरात उशिरा 48 तासांत कळवा. दाताच्या खुणा, ओढत नेल्याचा माग आणि जागा दिसतील असे तीन फोटो काढा आणि पंचनाम्याची प्रत मागून घ्या. जनावर रानात टाकून आलात तर त्याला कशाने मारलं हे पंचनाम्यात सिद्ध करता येत नाही, आणि भरपाईचा अर्ज तिथेच अडतो.