दृष्ट कशी काढावी: मीठ-मोहऱ्या, निखारे, तिठा आणि कोकणातली राखण

दृष्ट काढायला मांत्रिक लागत नाही. आजी, आत्या, शेजारच्या काकू, ज्यांचा हात त्या माणसाला ओळखीचा आहे त्यांनी काढावी. पैसे घेऊन दृष्ट काढणारा कोणी दारात आला तर त्याला दारातूनच वाटेला लावावे.

एका माणसासाठी दोन चमचे खडे मीठ, एक चमचा मोहरी, देठासकट पाच किंवा सात सुक्या लाल मिरच्या, केरसुणीच्या तीन काड्या आणि तिठ्यावरची, म्हणजे तीन वाटा मिळतात तिथली, चिमूटभर माती एवढे पुरते. कोणी कांद्या-लसणाची सालेही घेतात. केसांचे गुंतवळ पूर्वी हमखास असे. फ्लॅटमध्ये ते टाळा, जळक्या केसांचा वास पडद्यांत बसतो. मीठ मात्र खडेच हवे. खड्यात अडकलेल्या ओलीची वाफ होते, खडा फुटतो आणि तडतडतो. पिशवीतले बारीक मीठ निखाऱ्यावर नुसते पडून राहते. पावसाळ्यात ओलावलेले खडे दूर उडतात, म्हणून तेव्हा नायलॉनचा गाऊन घालून निखाऱ्यापाशी बसू नये.

निम्मी बिघडते ती विस्तवाने. मिरच्या ज्वाळेवर टाकल्या की पेटतात आणि धूर न होता संपतात. चूल असेल तर लाकडे मागे ओढून निखारे पुढे घ्या. गॅस असेल तर एका करवंटीचे चार-पाच तुकडे जाळीवर ठेवून पेटवा, ज्वाळा पूर्ण बसू द्या, तुकडे लाल झाले की चिमट्याने लोखंडी तव्यात किंवा धुपाटण्यात घ्या. हे भांडे गॅलरीत किंवा अंगणात ठेवा. बंद खोलीत निखारे ठेवणे म्हणजे विषारी वायू कोंडून घेणे. घरात दम्याचा माणूस किंवा तान्हे मूल असेल तर मिरच्या वगळा, मीठ-मोहरीवर भागते. परदेशातल्या घरांत धुराची घंटा वाजते. तिथे ओवाळलेले मीठ नळाखाली विरघळवून सोडून देणारे पुष्कळ आहेत, आणि त्यात काही कमीपणा नाही.

वेळ तिन्हीसांजेची. शनिवार किंवा अमावास्या धरतात, पण मूल किरकिरत असेल तर वार बघत कोणी बसत नाही. ज्याची काढायची त्याला पूर्वेकडे तोंड करून बसवावे. जिन्नस दोन्ही मुठींत सारखे वाटून घ्यावेत, हातांची फुली करून मुठी डोक्यापासून पायापर्यंत उतरवाव्यात आणि जमिनीला टेकवाव्यात. असे तीनदा, काही घरांत सातदा. अंगाला मूठ लावायची नाही. उतरवताना पुटपुटायचे: «आल्यागेल्याची, पापी-चांडाळाची, भुताखेताची, घरच्यादारच्याची, कोणाची लागली असेल ती दृष्ट जळून जावो.» शब्द गावागणिक बदलतात. मग मागे न बघता जाऊन दोन्ही मुठी एकदम निखाऱ्यावर रित्या कराव्यात, हातपाय धुवावेत. तोवर दोघांनीही बोलायचे नाही. वास विरेपर्यंत त्या माणसाने जागचे उठू नये.

त्या पुटपुटण्यात सगळ्या जगाची नावे आहेत आणि एकाही माणसाचे नाही. हा नियम बाकी सगळ्यांहून मोठा. मनात जाऊबाईंचे नाव धरून दृष्ट काढायला बसणारी बाई दृष्ट काढत नाही, भांडण लावते.

ठसका लागला नाही तर «जबरदस्त लागली होती» असे म्हणतात. बहुतेकदा निखाऱ्यावर ज्वाळा शिल्लक असते, किंवा वारा पलीकडे वाहत असतो. तुरटीचेही तसेच. सुपारीएवढा खडा ओवाळून निखाऱ्यावर ठेवला की तो वितळतो, आतले पाणी उडून पांढराशुभ्र फुगतो आणि वेडावाकडा आकार घेतो. त्यात कोणाचा चेहरा शोधायचा नाही. गार झाल्यावर पायाने चुरडून झाडाबुडी टाकावा, लहान मुलाच्या हाती लागू देऊ नये.

दारावरची माळ शनिवारी बदलतात: खाली कोळसा, वर बिब्बा, मग लिंबू आणि देठाकडून ओवलेल्या सात हिरव्या मिरच्या. यात जपायचे ते बिब्ब्याला. त्याचे काळे तेल कातडीवर उतते, फोड येतात. ओवण्याआधी हातांना खोबरेल चोळावे किंवा हातमोजे घालावेत, आणि तार तापवून टोचू नये, कारण तेल उडते. लागलेच तर लगेच साबणाने धुवावे. डोळ्यात गेले किंवा फोड पसरले तर डॉक्टर. तान्ह्याच्या कमरेला बिब्बा किंवा मनगटाला वेखंडाचा तुकडा बांधू नये, मूल ते तोंडात घालते. तीट लावायची तर कानामागे किंवा तळपायाला. बाजारातल्या सुरम्यात अनेकदा शिसे असते, तो डोळ्यात तर नाहीच नाही.

उतारा म्हणजे भाताची मूद, चमचाभर दही, हळदकुंकू आणि एक लिंबू, केळीच्या पानावर. ओवाळून तिठ्यावर ठेवतात, कारण तिठा कोणाच्याच मालकीचा नसतो. रस्त्याच्या मधोमध ठेवू नका, दुचाकी घसरते. वईच्या, म्हणजे कुंपणाच्या, कडेला ठेवा. लिंबात टाचण्या खुपसू नका आणि बिब्बा घालू नका, तो भात कुत्रेच खाणार आहेत. परतताना मागे बघायचे नाही, दाराबाहेर पाय धुवायचे.

तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप असेल, मूल दूध ओढत नसेल किंवा लघवी कमी झाली असेल, तर आधी दवाखाना, मग मीठ-मोहरी. साप, विंचू, कुत्रा चावल्यावर उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. शिक्षा ६ महिने ते ७ वर्षे आणि दंड ५,००० ते ५०,००० रुपये. एखाद्या बाईला करणी करणारी, चेटकीण ठरवून छळणेही त्यातच येते.

सिंधुदुर्गात आणि गोव्यात माणसासारखीच जागेचीही काळजी घेतात, तिला राखण म्हणतात. शेताच्या बांधावर, राखणदाराच्या, म्हणजे ती जागा राखणाऱ्या देवाच्या, दगडापाशी किंवा झाडाखाली जागा झाडून घ्यायची. दोन पाने, एक सुपारी असा विडा आणि शेंडी राखलेला नारळ ठेवायचा. कुठे राखणदाराला रोट (जाड भाकरी) लागतो, कुठे विडी, कुठे दारू. हे त्या वाडीतल्या जाणत्याला विचारावे, दुसऱ्या गावचे इथे चालत नाही. वेंगुर्ल्याजवळच्या आरवलीचा राखणदार वेतोबा, त्याला तर केळ्यांचा घड आणि भल्यामोठ्या वहाणा वाहतात.

गाऱ्हाणे जाणता घालतो: «बा देवा म्हाराजा» म्हणून हाक, मग गाव, वाडी, घराणे, मग मागणे, मग कबूल केलेला नवस, शेवटी काही चुकलेमाकले असेल तर पदरात घेण्याची विनवणी. प्रत्येक वाक्यानंतर जमलेल्यांनी एका आवाजात «व्हय म्हाराजा» म्हणायचे. आवाज लांबवर गेला पाहिजे, पुटपुटून चालत नाही. नवस झेपेल एवढाच बोला. नारळाने भागत असेल तर बोकडापर्यंत जाऊ नये. पाने, काड्या, सरपण देवराईतून, देवाच्या राखलेल्या झाडीतून, आणायचे नाही. वाळके पडलेले लाकूडसुद्धा तिथलेच.