राष्ट्रीय आयसीटी धोरणाच्या मसुद्यावर सोलापूर जिल्ह्यातून सूचना कशा पाठवाव्यात

आयसीटी म्हणजे माहिती आणि दळणवळण तंत्रज्ञान. माहिती-तंत्रज्ञान किंवा दूरसंचार धोरणाचा मसुदा हरकती-सूचनांसाठी खुला होतो, तेव्हा हातात फार दिवस नसतात. कायदे आणि नियमांच्या मसुद्यासाठी किमान ३० दिवस द्यावेत, असं केंद्राचं २०१४ चं विचारविनिमय धोरण सांगतं. २०२५ मधल्या दूरसंचार धोरणाच्या मसुद्याला मात्र २१ दिवसच मिळाले. करमाळ्यापासून अक्कलकोटपर्यंत फिरून माहिती गोळा करायला ते पुरत नाहीत. म्हणून जिल्ह्यात इंटरनेट कसं चालतं याचं मोजमाप आधीच करून ठेवायचं आणि मसुदा आला की ते फक्त कलमांना जोडायचं.

सुरुवात मागच्या धोरणांपासून करा. २०१८ च्या राष्ट्रीय डिजिटल दळणवळण धोरणात २०२२ पर्यंत प्रत्येक नागरिकाला ५० एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) वेगाचं ब्रॉडबँड आणि प्रत्येक ग्रामपंचायतीला १० जीबीपीएस असं उद्दिष्ट होतं. ते वर्ष उलटल्यावर, २०२३ मध्ये, ब्रॉडबँडची अधिकृत व्याख्या ५१२ केबीपीएसवरून २ एमबीपीएसवर आली. म्हणजे २ एमबीपीएस देणाराही कागदोपत्री ब्रॉडबँडच देतो. उद्दिष्ट एकीकडे आणि बंधन दुसरीकडे, हा फरक नव्या मसुद्यात आहे का, ते सगळ्यात आधी तपासा.

मग कोणती गोष्ट कोणाच्या हातात आहे ते वेगळं काढा. दूरसंचार हा केंद्राचा विषय; स्थानिक स्वराज्य संस्था राज्याच्या अखत्यारीत. केबलसाठी रस्ता खोदायची परवानगी महापालिका, नगरपरिषद, ग्रामपंचायत, सार्वजनिक बांधकाम खातं असे अनेक जण देतात. केंद्राच्या मसुद्यावर ‘आमच्या पेठेतला रस्ता बुजवा’ असं लिहिलं, तर ती तक्रार ठरते आणि बाजूला पडते. ‘परवानगीच्या अटीतच रस्ता पूर्ववत करण्याची मुदत घाला’ ही सूचना ठरते.

मोजमापात हात आखडता घेऊ नका. जिल्ह्यात ११ तालुके आहेत. प्रत्येकातून तीन गावं घ्या: एक तालुक्याच्या ठिकाणाला लागून, एक मध्यावर, एक हद्दीवरचं. प्रत्येक गावात ग्रामपंचायत कार्यालय, शाळा आणि आपले सरकार सेवा केंद्र अशा तीन जागा. सलग १४ दिवस, सकाळी ११, दुपारी ३ आणि रात्री ८ वाजता नोंद घ्या. कार्यालय आणि शाळा रात्री बंद असतील तर ती नोंद फक्त सेवा केंद्रावर. प्रत्येक नोंदीत चार गोष्टी हव्यात: डाउनलोड, अपलोड, वीज होती की नाही, आणि जोडणी फायबरची होती की मोबाइलची. चौथी हमखास राहून जाते. मग सेवा केंद्रचालकाच्या स्वतःच्या मोबाइल हॉटस्पॉटचा वेग भारतनेटच्या (ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेणारी केंद्राची योजना) खात्यावर जमा होतो आणि सगळी आकडेवारी नासते. ट्रायचं (दूरसंचार नियामक) मायस्पीड ॲप चालेल. मात्र ५जी वर एकेका चाचणीत शेकडो एमबी उडू शकतात, तेव्हा नोंद घेणाऱ्याच्या रिचार्जची सोय आधी करा. सरासरी काढू नका, मध्यक काढा, म्हणजे नोंदी चढत्या क्रमाने लावल्यावर बरोबर मधली येते ती. एका ठिकाणचा अफाट वेग बाकीच्यांचं रडगाणं झाकून टाकतो.

वेगापेक्षा महत्त्वाचा आकडा म्हणजे सेवा किती वेळ बंद होती. फायबर गावात ‘पोहोचलं’ आणि फायबर ‘चालू आहे’ या दोन वेगळ्या नोंदी आहेत. बंद असण्याची कारणं बहुतेक साधी असतात: वीजबिल थकलं, रस्ता रुंदीकरणात केबल तुटली, फायबर यंत्रणेच्या पेटीची चावी ज्याच्याकडे होती त्याची बदली झाली, किंवा त्या यंत्रणेची बॅटरी गेली. बॅटरीचं कारण सोलापुरात जास्तच लागू पडतं. लेड-ॲसिड बॅटरीचं छापील आयुष्य साधारण २५ अंश तापमान धरून असतं. त्यावर १० अंश वाढले की ते जवळपास निम्मं होतं. इथे एप्रिल-मेमध्ये पारा सहज चाळिशी ओलांडतो, पत्र्याच्या खोलीत तर विचारूच नका. तेव्हा देशभर एकच बॅटरी-बदलाची मुदत ठेवणाऱ्या कलमाला इथूनच हरकत जायला हवी.

दुसरी मोठी नोंद अंगठ्याची. विड्या वळणाऱ्या बायका, यंत्रमागावरचे कामगार, ऊसतोडीला जाणारे मजूर यांच्या बोटांवरच्या रेषा झिजतात आणि रेशन दुकानातल्या ई-पॉस यंत्रावर अंगठा उठत नाही. वाटपाच्या दिवशी दुकानात बसून एवढंच टिपा: कितव्या प्रयत्नात लागला, लागला नाही तर ओटीपी किंवा डोळ्यांच्या बुबुळांचा पर्याय दिला का, आणि माणूस धान्य घेऊन गेला की हात हलवत. नाव, आधार क्रमांक, फोटो यातलं काहीही घेऊ नका. धोरणात खासगीपणाचं कलम मागायचं आणि आपल्याच वहीत लोकांचे आधार क्रमांक उतरवायचे, हे शोभत नाही.

भाषेचा मुद्दा थोडक्यात, पण वगळू नका. शहराच्या पूर्व भागात तेलुगू, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापुरात कन्नड बोलणारी घरं पुष्कळ आहेत. एकाच माणसाचं नाव एका कागदावर व्यंकटेश, दुसऱ्यावर वेंकटेश. संगणक दोन माणसं धरतो आणि अर्ज परत येतो. ‘सेवा स्थानिक भाषांत मिळतील’ एवढ्यावर समाधान मानू नका. नावातला उच्चारभेद चालवून घ्यावा आणि दुरुस्ती गावातच व्हावी, असं मागा. पंढरपूरच्या आषाढीसाठीही एक ओळ हवी: क्षमता रोजच्या लोकसंख्येवर नव्हे, गर्दीच्या कमाल दिवसावर ठरावी.

आता लेखन. प्रत्येक सूचनेला पाच गोष्टी: कलम क्रमांक, सध्याचे शब्द, सुचवलेले शब्द, कारण, आणि आपल्या नोंदीतला एकच पुरावा. सुचवलेल्या शब्दांत कोण, काय, कधीपर्यंत, कोणाच्या पैशाने आणि न झाल्यास काय, हे सगळं यावं. ‘ग्रामीण भागात दर्जेदार जोडणीस प्रोत्साहन दिले जाईल’ या वाक्याला कोणीच बांधील नाही. त्याऐवजी असं लिहा: ‘ग्रामपंचायतीची जोडणी कार्यालयीन वेळेत महिन्याला किमान ९५ टक्के चालू राहील, बिघाड ४८ तासांत दुरुस्त होईल, न झाल्यास देखभाल कंत्राटदाराच्या देयकातून कपात होईल, प्रत्येक पंचायतीचे आकडे दरमहा जाहीर होतील.’ हे दोन्ही आकडे उदाहरणादाखल आहेत; तुमचे आकडे तुमच्या नोंदीवरून ठरवा. पैशाच्या कलमात खरेदी आणि पाच वर्षांचा चालू खर्च (वीज, बॅटरी, देखभाल, माणूस) वेगळे मागा. योजना उद्घाटनाला नव्हे, तिसऱ्या वर्षी बंद पडते.

सूचना सात-आठच ठेवा. चाळीस पानांचं निवेदन कोणी वाचत नाही. मूळ मजकूर मराठीत, सोबत इंग्रजी किंवा हिंदी अनुवाद. ईमेल पाठवल्यावर पोच मागून घ्या. अंतिम धोरण आल्यावर आपल्या सूचनांचं काय झालं, हे माहिती अधिकारात १० रुपये शुल्क भरून विचारता येतं.

प्रत खासदारांनाही द्या, कारण संसदेत दळणवळण आणि माहिती-तंत्रज्ञानासाठी स्थायी समिती आहे. इथे एक गफलत नेहमी होते: जिल्हा एक असला तरी लोकसभा मतदारसंघ तीन आहेत. करमाळा, माढा, सांगोला आणि माळशिरस हे विधानसभा मतदारसंघ माढ्यात येतात, बार्शी धाराशिवला जोडलेली आहे, बाकीचे सोलापुरात. तेव्हा प्रती तीन काढा.