एकाच मैदानावर सॉकर आणि अमेरिकन फुटबॉल: हरळीचे मैदान वर्षभर कसे सांभाळावे

अमेरिकेत पुष्कळ हायस्कुलांकडे चांगले मैदान एकच असते. शुक्रवारी रात्री त्यावर अमेरिकन फुटबॉल होतो आणि आठवड्याच्या मधल्या वारी सॉकर, म्हणजे आपण ज्याला फुटबॉल म्हणतो तो. पुढे नुसते ‘फुटबॉल’ आले की ते अमेरिकन फुटबॉल समजा. हा लेख नॉर्थ कॅरोलायनातल्या रॅले-शार्लट पट्ट्यातल्या अशा मैदानासाठी आहे. इथे माती लाल आणि चिकण, उन्हाळा कडक आणि गवत बर्म्युडा. शाळेच्या पालक समितीत काम करणाऱ्या मराठी मंडळींना हे गवत ओळखीचे वाटेल, कारण ती आपली हरळीच आहे. गणपतीला वाहायची दूर्वा, शेतकऱ्याने कितीही खणली तरी पुन्हा फुटणारी हरळी, तीच ही जात. मैदानावर तिचे संकरित वाण लावतात. त्यातला टिफवे ४१९ हा वाण जॉर्जियातल्या टिफ्टन इथून १९६० साली आला.

शेतात नकोशी वाटणारी तिची चिवट सवय इथे कामाला येते. खोड जमिनीसरसे धावते, पेरापेराला मूळ धरते आणि उघडी पडलेली जागा झाकून टाकते. पण हे ऊब असेपर्यंतच. नोव्हेंबरच्या सुमारास कडक हिमतुषार पडला की हरळी तपकिरी होऊन झोपते, ती एप्रिलमध्ये जागी होते. इकडे फुटबॉल आणि मुलांचा सॉकर ऑगस्टमध्ये सुरू होतात, तर मुलींचा सॉकर वसंतात असतो. म्हणजे झीज मोठी होते तेव्हा गवत थकलेले किंवा झोपलेले असते. ते खऱ्या अर्थाने भरून निघते ते जून आणि जुलै या दोन महिन्यांत. वर्षभराचे सगळे नियोजन या दोन महिन्यांभोवती करा. मे संपताच मैदानाला कुलूप लावा. उन्हाळी शिबिरांना दुसरी जागा द्या, नाहीतर पुढे लिहिलेले कोणतेही काम पुरे पडणार नाही.

पायरी १: झीज कुठे होते ते आधी कागदावर काढा

फुटबॉलचे मैदान एंड झोन (दोन्ही टोकांचे गुण मिळवायचे पट्टे) धरून ३६० फूट लांब आणि १६० फूट रुंद असते. सॉकरला याहून रुंद जागा लागते: हायस्कूलच्या नियमांत लांबी १०० ते १२० यार्ड आणि रुंदी ५५ ते ८० यार्ड (एक यार्ड म्हणजे ३ फूट). जागा असेल तर सॉकर ११० बाय ७० यार्डांचा आखा. त्यामुळे सॉकरची गोलरेषा फुटबॉलच्या शेवटच्या रेषेपासून ५ यार्ड आत, म्हणजे एंड झोनच्या मध्यावर येते. गोलकीपरच्या पायांखालची जागा सगळ्यात आधी उघडी पडते, आणि फुटबॉलमध्ये एंड झोन त्या मानाने कमी तुडवला जातो. दोन्ही खेळांचा मार एकाच जागी पडू नये, हा यातला हेतू.

दोन ठिकाणी मात्र तो टळत नाही. पहिले ठिकाण मधला पट्टा. फुटबॉलचा प्रत्येक डाव दोन हॅश मार्कांच्या (मैदानाच्या लांबीभर आखलेल्या आखूड रेघांच्या दोन ओळींच्या) मधून किंवा त्यांच्यावरून सुरू होतो. हायस्कूलच्या मैदानावर हा पट्टा ५३ फूट ४ इंच रुंद असतो, आणि सॉकरचे मधले वर्तुळ नेमके त्याच्यावरच येते. दुसरे ठिकाण पटकन लक्षात येत नाही. सॉकरची बाजूची रेषा फुटबॉलच्या रेषेच्या २५ फूट बाहेर असते, आणि फुटबॉल संघ सामनाभर उभा राहतो तो त्या २५ फुटांतच, दोन्ही २५-यार्ड रेषांच्या दरम्यान. पन्नास-साठ मुले स्पाइक्सच्या बुटांत दोन-तीन तास एकाच जागी चुळबुळत राहतात, आणि दोन दिवसांनी सॉकरमध्ये कडेने खेळणाऱ्या विंगरला त्या टणक पट्ट्यावरून धावावे लागते. सामन्यादिवशी तिथे हवा-पाणी खेळते राहील अशी जाळीदार चटई अंथरा आणि सामना संपताच उचला. रात्रभर ठेवली तर खालचे गवत पिवळे पडते.

पायरी २: जूनमध्ये माती मोकळी करा

ओल्या मातीत सहा इंचांचा स्क्रू-ड्रायव्हर हाताच्या जोराने उतरला पाहिजे. दोन-तीन इंचांवर अडला तर माती दबली आहे आणि मुळांना ना हवा मिळते ना पाणी. अशा जागी खत टाकणे वाया जाते.

पोकळ दातांचे एअरेटर (जमिनीला भोके पाडणारे यंत्र) वापरा: दात अर्धा ते पाऊण इंच जाड, खोली ३ ते ४ इंच, दोन भोकांतले अंतर सुमारे २ इंच. सगळ्या मैदानावर जूनमध्ये एकदा आणि जुलैमध्ये एकदा फिरवा. मधल्या पट्ट्यावर प्रत्येक वेळी दोन दिशांनी. जमिनीला वाफसा असतानाच हे काम करा. कोरड्या चिकणमातीत दात शिरत नाहीत आणि ओल्या मातीत भोकांच्या भिंती लिंपल्यासारख्या गुळगुळीत होतात. एअरेटर चालवण्याआधी स्प्रिंकलरच्या प्रत्येक तोंडाशी छोटा झेंडा रोवा.

वर आलेल्या मातीच्या कांड्या गोळा करून फेकू नका. एक-दोन दिवसांत त्या बोटाने चुरडण्याइतक्या सुकतात. तेव्हा लोखंडी जाळी ओढून त्यांचा भुगा करा आणि तो गवतात मुरू द्या. वरून वाळू टाकायचा मोह इथे अनेकांना होतो. चिकणमातीत थोडी वाळू मिसळली की ती विटेसारखी घट्ट बसते. दरवर्षी, त्याच प्रतीची वाळू, वर स्वतंत्र थर होईपर्यंत टाकत राहायची तयारी असेल तरच सुरुवात करा. नुसता मधला पट्टा १६,००० चौरस फूट भरतो; पाव इंचाच्या एका थरालाच सुमारे १२ घनयार्ड वाळू लागते.

टिफवेला उगवणारे बी धरत नाही. त्यामुळे उघड्या जागांवर मैदानाच्या कोपऱ्यांतून मुळांसकट काढलेले गवताचे ४ इंची गड्डे लावा. ते एकमेकांपासून ६ ते १२ इंचांवर, सभोवतालच्या जमिनीशी समपातळीत बसवून पायाने दाबा. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात लावलेले गड्डे हंगामापर्यंत एकमेकांना भिडतात. जुलै अखेरीस लावले तर बहुधा भिडत नाहीत.

पायरी ३: खत, पाणी, कापणी

आधी माती तपासा. नॉर्थ कॅरोलायनाच्या कृषी खात्याची प्रयोगशाळा एप्रिल ते नोव्हेंबर हे काम मोफत करते. ही लाल माती मुळात आम्ल असते. सामू (पीएच) ६ ते ६.५ हवा. चुना, स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश (पोटॅश) किती द्यायचे ते अहवालावरून ठरवा.

नत्र (नायट्रोजन) मात्र दरवर्षी लागतेच. मे ते ऑगस्ट दर महिन्याला १,००० चौरस फुटांना १ पौंड शुद्ध नत्र द्या. दोन्ही खेळांची जागा कडेसकट ८०,००० चौरस फूट धरली तर ८० पौंड नत्र होते, म्हणजे एका वेळी सुमारे १७४ पौंड (७९ किलो) युरिया. अर्धा उभा आणि अर्धा आडवा फेका, म्हणजे हिरवे-पिवळे पट्टे उमटत नाहीत. पाने कोरडी असताना फेका आणि लगेच पाणी द्या, नाहीतर पाने करपतात. सप्टेंबरच्या मध्यानंतर हरळीला नत्राचा भार देऊ नका. कोवळी वाढ थंडीत मार खाते.

पाणी पावसासकट आठवड्याला १ इंच, तेही दोन वेळांत विभागून. रोज शिंपडले तर मुळे वरच राहतात आणि खेळाडूच्या बुटाबरोबर गवत गालिच्यासारखे उचलले जाते. मैदानावर दहा-बारा रिकामे सपाट डबे ठेवून स्प्रिंकलर अर्धा तास चालवा आणि प्रत्येक डब्यात किती पाणी साचले ते मोजा. कोणता कोपरा उपाशी राहतो ते लगेच कळते.

कापणीची उंची १ ते सव्वा इंच ठेवा. सॉकरच्या चेंडूला ही सरळ घरंगळू देते आणि फुटबॉललाही चालते. उन्हाळ्यात आठवड्यातून दोन-तीनदा, दर वेळी दिशा बदलून कापा. एका वेळी पात्याचा एक तृतीयांशापेक्षा जास्त भाग काढला की नुसती पांढरट खोडे उरतात आणि सावरायला आठवडा जातो. कापणी यंत्राची पाती धारदार आहेत का ते यंत्राकडे नाही, गवताकडे पाहून ओळखा: कापलेले टोक फाटून करडे दिसत असेल तर धार गेली आहे.

पायरी ४: रेषा

पहिला आयत काटकोनात बसला की पुढचे सगळे बसते. कोपऱ्यावर सुतळीने ६०, ८० आणि १०० फुटांचा त्रिकोण धरा. चारही खुंट्या ठोकल्यावर फुटबॉलच्या आयताचे दोन्ही कर्ण मोजा. प्रत्येक ३९३ फूट ११½ इंच भरला पाहिजे. फुटबॉल पांढरा आणि सॉकर पिवळा ठेवा. रंग पाण्यात मिसळणारा, गवतासाठीच बनवलेला घ्या, गवत कापल्यानंतर मारा आणि पातळ थरात मारा. आठवड्यामागून आठवडे जाड थर चढत गेला की त्याखाली पात्याला ऊन मिळत नाही. तणनाशकाने रेषा जाळून काढू नका, तिथे चर पडतो आणि घोटा मुरगळतो. विरलेला चुना तर वापरूच नका, तो कातडी आणि डोळे भाजतो.

पायरी ५: हंगामात

सामना संपला की त्याच रात्री, माती सुकण्याआधी, चार-पाच जणांनी ओळीत चालत मैदान पाहावे. उपटलेला तुकडा मुळांसकट असेल तर जागेवर बसवून दाबा. निव्वळ खड्डा असेल तर मैदानाच्याच मातीने भरा. तीन-चार आठवड्यांनी मधल्या पट्ट्यावर भरीव दातांनी भोके पाडा, पण जमिनीला वाफसा असेल तेव्हाच.

सप्टेंबरच्या अखेरीपासून हरळी मंदावते, तेव्हा थंडीत वाढणाऱ्या बारमाही राय गवताची मदत घ्या. पूर्ण मैदानावर पेरू नका, कारण वसंतात हेच राय जागी होऊ पाहणाऱ्या हरळीचे ऊन आणि पाणी खाते. फक्त मधला पट्टा आणि गोलसमोरची जागा, १,००० चौरस फुटांना १० पौंड या मापाने. सामन्याच्या आदल्या दिवशी बी टाकले तर खेळाडूंचे बूटच ते मातीत दाबतात.

खूप उघड्या जागी मोड आणलेले बी टाका. गोणपाटाच्या पोत्यात भरून २४ तास भिजवा, मधे एकदा पाणी बदला, मग निथळत ठेवा आणि पोते ओलसर राखा. मटकीला आणतो तसेच हे मोड, फरक एवढाच की इथे पांढरे टोक जेमतेम दिसले की थांबायचे. कोंब लांबला तर फेकताना मोडतो. पोत्यात हात घालून पाहा. आत गरम लागले तर बी बाहेर पसरा, नाहीतर उबून कुजते. कोरड्या मातीत मिसळून लगेच टाका. मेअखेरीस हे राय कमी उंचीवर कापून आणि पाणी तोडून घालवा. तणनाशक वापरायचे तर परवानाधारक माणसाकडूनच फवारा.

सॉकरचे हलवता येणारे गोल सरावाच्या वेळी दर आठवड्याला दहा-वीस फूट सरकवा, म्हणजे एकच जागा झिजत नाही. पण प्रत्येक नव्या जागी ते जमिनीत पक्के जखडा. न बांधलेले गोल मुलांच्या अंगावर पडून मृत्यू झाले आहेत. खेळ नसताना ते साखळीने कुलूपबंद करा.

पायरी ६: ओल्या दिवशी निर्णय कोणी घ्यायचा

हे हंगामाआधी लेखी ठरवा: एक माणूस, शक्यतो प्रशिक्षक नसलेला. सामन्याच्या तीन तास आधी त्याने मधल्या वर्तुळात, दोन्ही गोलांसमोर आणि फुटबॉलच्या संघांच्या पट्ट्यात पूर्ण वजन टाकून उभे राहावे. बुटाभोवती पाणी वर आले, किंवा टाच फिरवल्यावर गवत मातीवरून सरकले, तर सामना पुढे ढकला. चिकणमाती ओली असताना झालेल्या एका सामन्याने दबलेली माती पुढच्या जूनशिवाय मोकळी होत नाही. साचलेले पाणी रबरी फळीने ढकलू नका, उरलेसुरले गवत चिखलात लोळते. पंप किंवा स्पंज वापरा, आणि दुसऱ्या दिवशी पाणी कुठे थांबले होते त्या जागा कागदावर खुणा करून ठेवा. उन्हाळ्यात माती भरायची ती तिथेच.