जुन्या अ‍ॅम्बेसेडर-पद्मिनीत स्पीकर कुठे बसवावेत?

आधी कटर बाजूला ठेवा. जुन्या गाडीचा मूळ दरवाजा-पॅनेल एकदा कापला, की तसाच दुसरा मिळणं कठीण.

पुढच्या स्पीकरसाठी उत्तम जागा म्हणजे पायाजवळची बाजूची भिंत, डॅशखाली. 12 मिमी प्लायवुडची फळी कापून स्पीकर तिच्यावर घट्ट बसवा आणि फळी जुन्याच स्क्रूच्या भोकांत बसवा. पार्टिकल बोर्ड नको, पावसाळ्यात फुगतो. पक्की करण्याआधी क्लच-ब्रेक पूर्ण दाबून पाय अडत नाही ना, बघा. दरवाजातच लावायचे असतील तर काच पूर्ण खाली करून आतली खोली मोजा. चुंबक आणि काचेत किमान 10 मिमी अंतर हवं. स्पीकरच्या वर प्लास्टिकचा आडोसा लावा, कारण खिडकीतून पाणी आत उतरतंच.

मागच्या सीटमागची फळी सोपी वाटते, डिकीमुळे आवाजही भरदार येतो. पण अकोला-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो आणि काचेखालची ती जागा त्याहून कितीतरी तापते. तिथे कागदी कोन (स्पीकरचा थरथरणारा शंकू) टिकत नाही; पॉलिप्रॉपिलीन कोन आणि रबरी कडा घ्या. पांदणीची (शेतरस्त्याची) धूळ अडवायला जाळीमागे पातळ कापड ताणा.

सर्वांत महागात पडणारी चूक तारेची. जुन्या रेडिओत स्पीकरची एक तार अनेकदा बॉडीला जोडलेली असे. आजच्या डेकला (गाडीतल्या स्टिरिओला) तसं जोडलं तर त्याचा अ‍ॅम्प्लिफायर जळू शकतो. प्रत्येक स्पीकरला डेकपासून स्वतंत्र दोन तारा न्या. तार पत्र्यातून जाताना भोकात रबरी ग्रोमेट (कड झाकणारी रिंग) हवाच.